पाणकणसांची राखणदारीण

तिस्वाहन वहिनी लग्न होऊन आमच्या घरात आली तेव्हा मी सात वर्षांचा होतो. माझ्या डोक्यातल्या उवा तिने मारल्यात. त्यामुळे आज साठी उलटली, दावणीला अकरा म्हशी आल्या, तरी तिच्यापुढे माझं काही चालत नाही. तिच्या नावाचा अर्थ ‘ही एकटी त्या सगळ्यांना भारी’ असा. मुलगी झाली म्हणून शेजारणी हळहळायला लागल्या, तेव्हा तिच्या बापाने चिडून ते नाव ठेवलं म्हणतात. बापाचा चिडकेपणाही तिने पुरेपूर उचलला.

बसऱ्याकडच्या आमच्या पाणथळात वसंत सरता सरता पाणकणसांवर, पाण्यात उभ्या त्या उंच गवताच्या कणसांवर, पराग धरतो. पहाटे वारा पडलेला असतो तेव्हा बायका होडीतून जातात, कणसांचे शेंडे कापतात, चटईवर वाळवून झोडतात आणि ती पिवळी भुकटी तलम फडक्यातून चाळतात. मग साखर मिसळून, फडक्यात बांधून वाफेवर धरली की खिर्रेट तयार. पिवळीजर्द, जिभेवर विरघळणारी. कापणीला हातात जेमतेम दोन-चार दिवस असतात, नंतर पराग वाऱ्याचा. पुरुषांनी यात हात घालायचा नाही. कुणाच्या बाहीवर पिवळं दिसलं की वर्षभर त्याची टर उडते.

सरकारने पाणी तोडलं तेव्हा आम्ही सगळेच देशोधडीला लागलो. वहिनीने बारा वर्षं शहरात विटांच्या खोलीत काढली. माझा भाऊ त्या खोलीतच गेला. पुढे पाणी परत आलं, आणि पहिल्या होडीत वहिनी बसलेली होती. ‘आता मेले तरी इथून हलायची नाही,’ म्हणाली. तिचं बोलणं म्हणजे दगडावरची रेघ.

म्हणून गेल्या वसंतात तिचा मुलगा लफ्ता बसऱ्याहून तिला न्यायला आला, तेव्हा भांडण होणारच होतं. पाणी आटून खारट झालेलं. आमच्या बेटावरची निम्मी वस्ती उठून गेलेली. बायका तर सगळ्याच गेल्या होत्या, माझीसुद्धा लेकीकडे.

‘आई, पुरे झालं आता. इथे उरलंय काय?’

‘पाणकणसं उरलीत.’

‘एक पट्टा! तोही काकांच्या म्हशी खाणार. यंदा खिर्रेट झाली तर राहा, मी तोंड उघडणार नाही. नाही झाली तर पंधरा दिवसांनी गाडी आणतो, मुकाट्याने बसायचं.’

‘आण. रिकामी परत नेशील.’

पट्ट्याचं लफ्ता खरंच बोलला होता. माझ्या म्हशींच्या बरगड्या मोजता येत होत्या. दुसऱ्याच सकाळी मी विळा घेऊन निघालो. पट्ट्यात शिरायला एकच अरुंद पाणवाट, आणि तिच्या तोंडाशी वहिनी होडी आडवी घालून बसलेली.

‘वहिनी, होडी काढा.’

‘आलास, चासिब? चहा घे.’

‘चहा नको. म्हशी उपाशी आहेत.’

‘मग दूरच्या तळ्यावर जा. तिथे हिरवा बोरू उभा आहे.’

‘तीन तासांची वाट आहे ती!’

‘तुझा बाप रोज जायचा. तू काय हाताला मेंदी लावून बसलायस?’

‘होडी उलटवीन हां, वहिनी.’

‘उलटव ना. पोहायला तुला मीच शिकवलंय. बघू, विसरलास की काय.’

अंगाचा नुसता तिळपापड झाला. पण आईच्या जागी असलेल्या बाईवर हात टाकणार कसा? विचारलं, ‘किती दिवस?’

‘आठ. पराग धरला, शेंडे कापले की पात्यांसकट सगळा पट्टा तुझा.’

आठ दिवस मी तिला शिव्या मोजत तीन तास जाणं, तीन तास येणं केलं. येताना ती दिसायचीच, उन्हाने काळी ठिक्कर पडलेली. ‘आज उशीर केलास, म्हातारा झालास रे!’ असं वर ऐकवायची. पाचव्या दिवशी माझं एक पारडू मेलं. त्याच्या आईला दूधच राहिलं नव्हतं. मी ते होडीत घालून वहिनीपुढे नेलं. ती पदर तोंडाला लावून रडली, पण होडी तसूभर हलवली नाही. त्या दिवशी मला तिचा खराखुरा राग आला. अजूनही थोडा आहे.

नवव्या पहाटे मी चाऱ्याला निघालो तेव्हा क्षितिजावर धूळ उठलेली होती. दुपारपर्यंत वारा येणार हे आमच्याकडे कुणीही सांगेल. वहिनी एकटीच शेंडे कापत होती. दोन्ही हात पात्यांनी चिरलेले, आणि पट्ट्याचा कोपरासुद्धा संपला नव्हता. मला बघून ती एका शब्दाने ‘ये’ म्हणाली नाही. म्हणणारही नव्हती. मी पुढे निघून जायला हवं होतं. का थांबलो, ते मला आजही नीट सांगता येत नाही.

‘काही बोलू नका,’ म्हणालो आणि विळा काढला.

ती कसली गप्प बसते! ‘अरे हळू! शेंडा वाकवू नकोस, पराग सांडतोय. म्हशी हाकतोयस का?’

दुपारी वारा आला. उरलेला अर्धा पट्टा आमच्या डोळ्यांदेखत पिवळा धुरळा होऊन पाण्यावरून निघून गेला.

मग चार दिवस झोपडीची दारं बंद करून आम्ही वाळवलं, झोडलं, चाळलं. एकदा मला शिंक आली आणि ओंजळभर भुकटी उडाली. वहिनीने पळी फेकून मारली. बाहेर म्हशी पट्ट्यातली पाती खात होत्या.

सगळी मिळून दोन मुठींएवढी खिर्रेट झाली.

लफ्ता गाडी घेऊन आला तेव्हा बेटावरचे उरलेसुरले पुरुष काठावर जमले. वहिनीने ताटली पुढे केली.

‘एवढीशीच?’

‘किती ते तू बोलला नव्हतास.’

त्याने तुकडा तोंडात टाकला. डोळे पुसले. ‘शब्द पाळतो,’ म्हणाला. ‘पण आई, पुढच्या वर्षी काय? हाताशी एक बाई उरली नाही तुझ्या. एकटी किती पुरी पडशील?’

वहिनीने चिरलेले हात पदराखाली घेतले. मला ते बघवेना.

‘मी आहे ना,’ मी म्हणालो. ‘चाळायला येतं मला.’ आणि नखांत पिवळं भरलेले दोन्ही हात सगळ्यांसमोर धरले.

काठावर हशा पिकला. मागून कुणीतरी ओरडलं, ‘चासिबबाई!’

‘हो,’ मी म्हणालो. ‘आणि पुढच्या वर्षी पट्ट्याला विळा लावायचा असेल, तर आधी या चासिबबाईला विचारायचं.’