डाव्या हाताचा चाकू

सीताबाई दिवाळीच्या आधी गेली. तिची मुलगी हर्षा वरोऱ्यात एका दवाखान्यात नर्स आहे. आईची शेवटची सलाईन तिनेच काढली, कागदांवर सह्या केल्या आणि थोड्या दिवसांत ड्युटीवर रुजू झाली. रडू आलं नाही. सोबतच्या नर्स म्हणायच्या, "एकदा रडून घे वो." ती मान हलवायची आणि पुढच्या बेडकडे जायची.

आईच्या कमरेच्या पिशवीत एक जुना घडीचा चाकू असायचा. पितळी मूठ, ना कंपनीचं नाव, ना शिक्का. वांगी असोत की पेरू, आई त्यानेच चिरायची. हर्षाने तो वापरायला काढला, पण उघडताना दर वेळी नख घसरायचं. शेवटी तिने तो बाजारात धार लावणाऱ्या लटारूभाऊकडे नेला.

"अडकते हा. तेल टाकून द्या."

लटारूभाऊने पातं उघडून-मिटून पाहिलं. "अडकत नाई बाई. नख घालाची खाच उलट्या बाजूनं हाय. डावखुऱ्या माणसासाठी बनवला हा."

"माही माय डावखुरी होती."

"मंग तिच्यासाठीच असन. कारखान्यातला नाई. हे पितळ मशीनच्या बुशाचं, दांडा फिरते त्या कड्याचं दिसते. कोण्या मिस्त्रीचं काम हाय."

हर्षाला मिस्त्री एकच ठाऊक होता, तोही न पाहिलेला. आईचा भाऊ श्रावण वडशाच्या एका राइस मिलमध्ये कामाला होता, एवढंच तिला माहीत. आई त्याचं नाव काढत नसे.

सुटीच्या दिवशी ती चांदाफोर्ट स्टेशनातून वडशाच्या रेल्वेत बसली. का चाललोय, हे तिलाही सांगता आलं नसतं. घरात बसवत नव्हतं, इतकंच. वडशात भिंती नाटकांच्या पोस्टरांनी भरल्या होत्या. मिलवर विचारत विचारत ती मामाच्या घरी पोचली. म्हातारा श्रावण अंगणात उन्हाला बसला होता.

"जयभीम मामा. मी हर्षा. वरोऱ्याच्या सीताची पोरगी."

तिने चाकू काढून त्याच्या हातात दिला.

"हा मीच बनवला," तो पातं उघडून म्हणाला. "तिच्या लग्नाच्या आधी. पितळ मिलीतल्या जुन्या बुशाचं, पातं आरीच्या पानाचं. डाव्या हातानं चिरते म्हणून सारे हासत तिले." त्याने दाराकडे पाहिलं. "तू एकटीच आली? ती काऊन नाई आली?"

याला कोणी कळवलंच नाही, हे हर्षाच्या तेव्हा लक्षात आलं. पेशंटच्या घरच्यांशी ती ज्या आवाजात बोलते, त्याच आवाजात ती म्हणाली, "आई गेली, मामा. किडनी निकामी झाली होती."

श्रावणने चाकू मिटला. मामी चहा ठेवून गेली. चहावर साय आली.

"तुह्या बापानं मारलं होतं तिले," तो म्हणाला. "मी वरोऱ्याले जाऊन त्याले हाणलं. तर ती मलेच म्हणाली, माह्या दारात पुन्हा पाय ठेवू नको. नाई ठेवला मंग."

"बाबा तर कवाचेच गेले."

"ते बी कोणी सांगतलं नाई."

चाकू त्याने ठेवून घेतला नाही. परतीच्या गाडीत हर्षाला वाटलं, आता तरी रडू येईल. सिंदेवाही स्टेशन गेलं, मूल स्टेशन गेलं. समोरच्या बाईने दिलेले शेंगदाणे तिने खाल्ले.

थंडी सरता सरता मामा वरोऱ्याला आला, तांदळाची पिशवी घेऊन. दारात थोडा थांबला, मग आत आला. बहिणीच्या फोटोपुढे उभा राहिला, अगरबत्ती लावली. तोही रडला नाही. मग त्याने मोरीतला गळका नळ खोलला आणि वायसर बदलून दिला.

जेवताना त्याने विचारलं, "झोप येते का तुले?"

"येते. पण उठल्यावर झोपल्यावानी वाटत नाई."

"माही बी तशीच," मामा म्हणाला आणि त्याने भात वाढून घेतला.