पोर आपलं होतं का?
ताज्या जवारीच्या पिठाचा वास आला की मला ती सकाळ आठवते. निजामाचा अंमल होता. तलवाड्याजवळच्या आमच्या गावात तहसीलदाराचा मुक्काम पडला आणि पाटलानं आम्हा तिघी ओल्या बाळंतिणींना वेठीला धरून आपल्या वाड्यात दळायला बसवलं. लेकरं अंगणातल्या लिंबाला झोळ्यांत टांगलेली. शेजारणीचं दीड महिन्याचं पोर रडून रडून काळंनिळं पडलं, तशी ती उठली. "दळण सरल्याबिगर उठायचं न्हाई!" पाटील गरजला. ती परत जात्यापाशी बसली. माझं डोकंच फिरलं. मी जात्याचा खुंटा सोडला, अंगणात गेले आणि तिचं पोर पदराखाली घेतलं. "कुणाला इचारून उठलीस?" पाटील अंगावर आला. मी म्हटलं, "लेकराला भूक कळती, तुमचा हुकूम कळत न्हाई." मग त्या दोघीही जातं सोडून माझ्याजवळ येऊन बसल्या. दुपारी पाटलानं आमच्या नवऱ्यांना चावडीपुढं भर उन्हात ओणवं उभं केलं. कंबर धरत घरी आलेला माझा नवरा म्हणाला, "कावून उठलीस? पोर आपलं व्हतं का?" पाटील मेला, नवराही गेला. त्या पोराला आता नातवंडं झालीत. पण नवऱ्याचं ते बोलणं आठवलं की आजही माझ्या अंगाची आग होते.