मिल क्रमांक तीनमधून काढलेला माणूस

"बाई, खेळात काडलेल्या मानसानं खऱ्या पाळीला जायाचं का न्हाय?"

मंगळवारी सकाळी साडेआठला हा प्रश्न माझ्या टेबलापुढे आला. विचारणारे नरसय्या, सोलापुरातल्या एका मिलच्या विव्हिंग खात्यातले जॉबर. जॉबर म्हणजे मागांच्या एका रांगेचा कारभारी. माग अडला, धागा तुटला, नक्षी बिघडली की पहिली हाक त्याला. वय पन्नाशीचं, अंगात पांढरा सदरा, टोपी हातात धरलेली. प्रश्नांना उत्तरं देणं हीच माझी नोकरी होती आणि आठवडाभर मी ती बिनचूक करत होते. या प्रश्नाला मात्र माझ्याकडे नियम नव्हता.

खेळ कसला, ते आधी सांगते. सत्तरच्या दशकाच्या मधली ही गोष्ट. मी पुण्याला एका कॉम्प्युटर सेंटरमध्ये होते. कॉम्प्युटर म्हणजे तेव्हा एक गार खोली आणि तिच्यात कपाटांची रांग. आमच्या साहेबांनी त्याच्यावर एक खेळ बसवला होता. अधिकाऱ्यांच्या पाच टीम करायच्या, प्रत्येकीला एक काल्पनिक मिल द्यायची. कापूस किती घ्यायचा, चादरी किती विणायच्या, भाव काय लावायचा, कामगार किती ठेवायचे, हे प्रत्येक टीमने फॉर्मवर भरायचं. पाचही फॉर्म आले की एक डाव. डाव म्हणजे तीन महिने धरायचे. फॉर्म पुण्याला जायचे, तिथे त्यांची भोकं पाडलेली कार्डं व्हायची, कॉम्प्युटर पाचही मिलना एकमेकींशी झुंजवायचा आणि कुणाचा माल खपला, कुणाचा पडून राहिला ते छापून द्यायचा. मग पुढचा डाव.

मिलने आपल्या अधिकाऱ्यांच्या ट्रेनिंगसाठी हा खेळ मागवला. साहेबांनी मला पाठवलं, कारण नियम मला पाठ होते. शिवाय माझे आईवडील सोलापुरातच, बाळीवेशीत राहत, त्यामुळे माझ्या लॉजची सोय बघावी लागणार नव्हती. खरं कारण कुठलं, ते साहेबांनाच ठाऊक. सकाळच्या गाडीने मिलचा शिपाई फॉर्म घेऊन पुण्याला जाई, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी छापील कागद घेऊन येई. मधल्या वेळात मी कॅन्टीनशेजारच्या खोलीत बसून प्रश्नांच्या चिठ्ठ्या घेत असे. खाली उत्तर लिहायचं, शिक्का मारायचा, परत द्यायची.

चिठ्ठ्या वाचण्यासारख्या असत. 'दुसऱ्या टीमच्या कापसाच्या गोदामाला आग लावता येईल का?' नाही. 'आपोआप लागली तर?' लागत नाही. 'चादरीचा भाव शून्य ठेवला तर सगळ्या चादरी खपतील का?' होय. 'मग आम्ही जिंकलो असे समजावे का?' 'कॉम्प्युटर किती वाजता जेवायला जातो?' हा शेवटचा प्रश्न हेड अकाउंटंटचा. तो जेवत असताना त्यांना आपला फॉर्म बदलायचा होता. मी हसू दाबून शिक्के मारायची.

मिल क्रमांक तीनचे कॅप्टन होते दामलेसाहेब. खऱ्या मिलमध्ये ते विव्हिंग मास्टर, म्हणजे नरसय्यांचे थेट वरचे साहेब. तिसऱ्या डावात त्यांनी चाळीस कामगार कमी करायचं ठरवलं. फॉर्मच्या एका चौकोनात '४०' लिहिलं की काम झालं. पण त्या मिलमध्ये कामगारांचा आकडा नावांशिवाय कागदावर कधी चढलेलाच नव्हता. दामलेसाहेबांच्या क्लार्कने सवयीने चाळीस नावांची यादी टाइप केली. खऱ्या माणसांची, तिकीट नंबरासकट. आणि टाचणी लावून फॉर्मला जोडली. पुण्यात नुसते चाळीस पंच झाले, यादी छापील कागदाला टाचून इमानेइतबारे परत आली. सोमवारी संध्याकाळी तो कागद टाइम ऑफिसात पोचला. तिथली रीत अशी, की कामगारांची यादी जोडलेला कागद दिसला की तो गेटच्या बोर्डावर लावायचा. त्यांनी लावला. वर कॉम्प्युटरची इंग्रजी अक्षरं, 'मिल ३, कमी केलेले कामगार ४०'. खाली पहिलंच नाव नरसय्यांचं.

मंगळवारी सात वाजता गेटवर बोंब उठली. साडेसातला दामलेसाहेबांनी स्वतः कागद खाली काढला. एकोणचाळीस जणांनी आपापला हजेरीचा बिल्ला खिळ्यावर आहे ना ते बघितलं, साहेबांना दोन शेलक्या शिव्या हासडल्या आणि माग चालू केले. अडकले ते एकटे नरसय्या.

"माजं काय न्हाय ओ बाई," ते म्हणाले. "पन मल्लय्यांनी वाचलंय."

मल्लय्या म्हणजे त्यांचे होणारे व्याही. कुर्डुवाडीला रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर. लग्नाचं बोलायला सोमवारी सोलापुरात आलेले, सकाळी सहज नरसय्यांबरोबर गेटपर्यंत चालत गेले आणि बोर्ड वाचून बसले. लग्न रविवारी होतं. नरसय्यांची धाकटी मुलगी, मल्लय्यांचा थोरला मुलगा. मल्लय्यांचं म्हणणं एकच, सोयरा कामावर आहे असं लेखी दिसल्याशिवाय अक्षता पडणार नाहीत.

मी तडक दामलेसाहेबांकडे गेले.

"साहेब, नरसय्या कामावर आहेत, असं दोन ओळींचं पत्र द्या."

"कसं देणार? कामावर घेतल्याचा फॉर्म आहे. कामावरून काढल्याचा फॉर्म आहे. कामावरच असल्याचा फॉर्म नाही."

"साध्या कागदावर द्या."

"एकाला दिलं की एकोणचाळीस येतील. मग युनियन विचारणार, काढलंच नव्हतं तर पत्र कशाला? अहो बाई, जे घडलंच नाही ते मी रद्द कसं करू?"

यात चूक कुठे आहे ते मला सापडेना, म्हणून जास्तच राग आला. एका पोरीचं लग्न मोडायला आलं होतं आणि या माणसाला फॉर्म दिसत होते. परत येऊन मीच एक चिठ्ठी लिहिली. 'हा खेळ आहे. नरसय्या यांना कोणीही काढलेले नाही.' खाली शिक्का.

दुपारी ती चिठ्ठी घेऊन मल्लय्या स्वतःच आले. मागे नरसय्या, मान खाली घालून.

"तुमी कोन?" मल्लय्यांनी विचारलं.

"मी खेळाचे नियम सांगते."

"आनि ह्यास्नी काडलं कुनी?"

"कुणीच नाही. कॉम्प्युटरला नुसता आकडा…"

"मंग कॉम्प्युटरचंच लिवलेलं आना. आमच्या रेल्वेत ज्यानं काडलं त्याचीच सही लागती परत घ्यायला."

मी कपाळाला हात लावला. तेवढ्यात नरसय्यांनी टेबलावरचं नमुन्याचं कार्ड उचललं, उजेडाकडे धरलं आणि इतक्या वेळात पहिल्यांदा त्यांचा चेहरा उजळला.

"हे तर आमचंच की! जकार्डाचा पत्ता!"

जकार्ड हे मागावर बसवलेलं नक्षीचं यंत्र. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांवर चालतं. भोक असेल तिथला धागा उचलतो, नसेल तिथला पडून राहतो, आणि चादरीवर मोर उमटतो.

"ह्यात पन असंच हाय का?"

"अगदी असंच."

"मंग सोपं हाय बाई. भोक चुकलं की फूल चुकतंय. तवा मागाला शिव्या देऊन काय उपेग? पुडचा पत्ता बदलायचा."

आठवडाभर मी नऊ पदवीधरांना जे समजावत होते, ते या माणसाने उभ्या उभ्या मला सांगितलं. मला त्यांचं फार कौतुक वाटलं आणि स्वतःची थोडी लाजही.

मल्लय्यांनी मग मुद्द्याचं विचारलं. "काडलेला मानूस खेळात परत घेता येतोय का?"

"येतो. पुढच्या डावात, फॉर्म भरून. पण एकदम दहा घ्यावे लागतात."

"मंग भरा की!"

फॉर्म भरणार दामलेसाहेब. त्यांनी ऐकूनच घेतलं नाही.

"मिल तीन पहिल्या नंबरावर आहे. गरज नसताना दहा माणसं भरून मी मिल बुडवू?"

"साहेब, मिल तीन नाहीच आहे."

"बाई, तुम्ही हा खेळ सीरियसली घेत नाही."

बुधवारी सकाळी नरसय्या गेटबाहेरच्या बाकावर बसून राहिले. शेजारी मल्लय्या, पहाऱ्याला. "काडलाय न्हवं? मंग कुटं निगाला आत? पयला कागद, मंग काम." नरसय्यांना बसवत नव्हतं. आत मागांचा आवाज सुरू झाला की ते उठायचे, मल्लय्या सदरा धरून खाली बसवायचे. दोघांचं तेलुगूतून हळू आवाजात भांडण चाललं होतं.

दहाच्या सुमाराला मोराच्या नव्या डिझाइनचे पत्ते अडकले. मोराला दोन माना फुटू लागल्या. बारा माग थांबले. ते पत्ते ओवले होते नरसय्यांनी, आणि कुठला कुठे लागतो हे त्यांच्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं. गंमत अशी, की त्याच वेळी माझ्या टेबलावरच्या कागदात मिल क्रमांक तीन चाळीस माणसं कमी असूनही जोरात चालली होती.

बारा वाजता दामलेसाहेब स्वतः चिठ्ठी घेऊन आले. घामाघूम झाले होते. चिठ्ठीत लिहिलं होतं, 'खेळात कमी केलेला कामगार प्रत्यक्ष मिलमध्ये काम करण्यास नकार देत असल्यास कोणता नियम लागू होतो?'

मी नियमांचं पुस्तक उघडलं. मला पाठ होतं, तरी उघडलं. सावकाश लिहिलं, 'कमी केलेल्या कामगाराकडून काम घेता येत नाही. हवा असल्यास पुढील डावाच्या फॉर्मवर परत घ्यावा.' शिक्का जरा जोरातच मारला.

दामलेसाहेबांनी ते दोनदा वाचलं. माझ्याकडे बघितलं. मग खिशातून पेन काढून चौथ्या डावाच्या फॉर्मवर नव्या कामगारांच्या चौकोनात दहा लिहिले. त्यांच्या क्लार्कने लगोलग दहा नावांची यादी टाइप करून टाचली. यादी जोडू नका, हे सांगणं माझं काम होतं. मी तोंडातून चकार शब्द काढला नाही.

"सही झाली?" मी गेटाबाहेर येताच बाकावरून नरसय्यांनी विचारलं. मल्लय्यांनी 'थांबा' म्हणायच्या आत ते गेटातून आत गेलेसुद्धा. अर्ध्या तासात मोराला एकच मान राहिली.

शुक्रवारी संध्याकाळी कागद आला. टाइम ऑफिसने रीतीप्रमाणे बोर्डावर लावला. मल्लय्या चष्मा लावून बोट फिरवत वाचू लागले. कॉम्प्युटरची अक्षरं, घेतलेले कामगार १०. खाली यादी, पहिलं नाव नरसय्यांचं. मी सुटकेचा श्वास सोडला. तेवढ्यात बोट एका शब्दावर थांबलं.

"ट्रेनी?"

ही माझीच चूक. खेळात नवा कामगार पहिला एक डाव शिकाऊ धरतात, हे मी विसरले होते. ज्या माणसाने दामलेसाहेबांना ते नवे असताना जकार्ड कसं उघडतात ते दाखवलं होतं, तो कागदावर शिकाऊ झाला होता. नरसय्यांचं तोंड एवढंसं झालं. मला तर रडूच येईल असं वाटलं.

"किती दिवस ट्रेनिंग?" मल्लय्यांनी विचारलं.

"एक डाव. म्हणजे तीन महिने. म्हणजे…" मी बोटांवर मोजलं, "सोमवारी संध्याकाळपर्यंत."

मल्लय्यांनी चष्मा काढला.

"चालतंय की," ते म्हणाले. "आमच्या रेल्वेत लई वरसं लागत्यात पर्मनंट व्हायला."

रविवारी लग्न लागलं. मी आईला घेऊन गेले होते. दामलेसाहेबही आले होते आणि नरसय्या जो भेटेल त्याला माझ्याकडे बोट दाखवून सांगत होते, "ह्या बाईंनी मला कामावर घेतलं." मी नाही म्हणायचा प्रयत्न दोनदा केला, मग सोडून दिला.

मिल क्रमांक तीन त्या दहा माणसांपायी घसरली ती शेवटपर्यंत वर आली नाही. जिंकली ती मिल क्रमांक पाच. त्यांचा कॅप्टन तापाने घरी पडला होता आणि फॉर्म आला नाही तर मागचाच फॉर्म पुन्हा चालवावा असा नियम होता. त्यांनी शेवटचे तीन डाव काहीच केलं नाही.

पुढे मी तीस वर्षं कॉम्प्युटरचंच काम केलं. पुष्कळ ऑफिसांचे फॉर्म बनवले. सुरुवातीच्या काळात कार्डावर रकाने ऐंशीच, एकेका रकान्यासाठी साहेब लोक भांडत. तरी माणसांच्या फॉर्मवर 'घेतले' आणि 'काढले' यांच्या शेजारी मी न चुकता तिसरा चौकोन ठेवला, 'आहे तसेच'. हा चौकोन कुणासाठी, असं प्रत्येक साहेबाने विचारलं. मी सांगायची, व्याह्यांसाठी.