भाऊंचं पांढरं भांडं

आमच्या अहेरीच्या घरमालकांनी संडासावर जेवढा जीव लावला, तेवढा लोक पोटच्या पोरांवरसुद्धा लावत नाहीत, आणि हे मी चेष्टेनं म्हणत नाही. उभा जन्म त्यांनी जंगल खात्यात नाकेदार म्हणून काढला. चोरीचं सागवान पकडता पकडता एक दिवस निवृत्त झाले आणि आता काय पकडायचं, असा पेच पडला असावा. मग त्यांनी आम्हा भाडेकरूंना पकडायला सुरुवात केली. आठवडी बाजारातून पिशवी घेऊन आलो की भाऊ फाटकाशी उभेच. (सारा मोहल्ला त्यांना भाऊ म्हणायचा, म्हणून आम्हीही.) "थांबा जी मास्तर, काय काय आनलं?" असं म्हणेस्तोवर त्यांचा हात पिशवीत गेलेला असायचा. वांगी बाजूला, सांभार म्हणजे कोथिंबीर बाजूला, थेट तळाशी. दारूची बाटली सापडली असती तर चकार शब्द बोलले नसते. त्यांना हवी असायची ती ॲसिडची. आम्ही राहायला आलो त्याच आठवड्यात माझ्या बायकोनं संडास धुवायची बाटली आणली. ती जागच्या जागी जप्त झाली, आणि वर जबाब: कोणत्या दुकानातून घेतली, कोणी सांगितलं, याआधी कुठी वतली का. बायको घरात येऊन म्हणाली, "यापेक्षा सागाचा ओंडका आणला असता तर लवकर सुटले असते."

आमच्या गावात गटाराची लाइन वगैरे भानगड नाही. ज्याच्या त्याच्या अंगणात ज्याची त्याची सेप्टिक टाकी. भाऊंची टाकी जांभळीखाली होती आणि तिच्या झाकणावर खुर्ची टाकून ते सकाळचा चहा प्यायचे. "खाली जंतू हायेत मास्तर," ते मला समजवायचे, "आपलं सारं तेच बिचारे खातेत अन् त्याचं पानी करतेत. तुमी एक बाटली वतली का मेले सारे. मंग टाकी भरली, वास सुटला, का बलावा चंद्रपूरवरून गाडी." जंतू हा शब्द मी आयुष्यात इतक्या मायेनं उच्चारलेला ऐकला नाही. मला टायफॉइड झाला तेव्हा भाऊ मोसंबी घेऊन भेटायला आले. उशाशी बसले, कपाळावर हात ठेवला आणि म्हणाले, "डॉक्टरनं गोळ्या लय कडक देल्या का जी?" मला भरून आलं. मागून कळलं की चौकशी माझ्या पोटाची नव्हती, टाकीतल्या मंडळींची होती.

बरं, पाणी तरी धड असावं! बोअरिंगचं पाणी इतकं जड की नळाच्या तोंडाला पांढरी दाढी यायची आणि संडासाच्या भांड्यात क्षाराचा पिवळा थर बसायचा. तो नुसता डाग नव्हे, नखानं खरवडला तर नख तुटायचं. मोहल्ल्यात बाकी सगळे सणावाराला ॲसिड ओतून मोकळे व्हायचे. भाऊंनी मात्र जंगलात जे जे आंबट उगवतं ते ते त्या भांड्यावर घालून पाहिलं. आंबाडी घातली, आवळे ठेचून घातले, शिळं ताक घातलं. चिंचेचा कोळ रात्रभर लावून ठेवला, तर सकाळी पिवळं भांडं तांबडं झालं आणि मुंग्यांची रांग लागली ती आमच्या स्वयंपाकघरापर्यंत. "मुंग्या जाईन बाप्पा," भाऊ म्हणाले, "जंतू तं जगले ना!"

या सगळ्यावर कडी म्हणजे त्यांच्या-आमच्या सामाईक संडासाला कडीच नव्हती. दार होतं, चांगलं सागाचं, बिजागऱ्या पितळेच्या. पण आतून लावायला ना कडी, ना खिटी, ना दोरी. आत गेलेल्या माणसानं आवाज करत बसायचं, असा घरचा कायदा. भाऊ खाकरायचे, माझी बायको भुलाबाईची गाणी म्हणायची. मला गाता येत नाही, म्हणून मी पाढे म्हणायचो. एकदा एकोणतीसच्या पाढ्यात मी अडखळलो तर बाहेरून भाऊंनी दार धाडधाड वाजवलं. "मास्तर! काऊन गप झाले? बरे हायेत ना?" मी चिडून म्हणालो, "आठवून राह्यलो हो भाऊ!" त्या दिवशी मी खरोखर दुसरी खोली शोधायला निघालो होतो. चौकातल्या पानवाल्यानं मला थांबवून आम्ही यायच्या आधीची हकिगत सांगितली, म्हणून परत फिरलो.

भाऊंच्या लेकीचा साखरपुडा ठरला होता. आमच्या भागात पाहुण्यांआधी घर आवरतात, तेव्हा संडास धुतात तो सगळ्यांत शेवटी, घरच्या बाईनं, दार आतून लावून. ते काम करताना कोणी पाहू नये, एवढीच लाज. घरोघरी हेच चालतं. भाऊंची बायको, आम्ही त्यांना बाई म्हणायचो, तशाच आत गेल्या. थर निघता निघेना. आधी ब्लीचिंग पावडर टाकली, तरी निघेना, म्हणून तिच्यावरच ॲसिडची बाटली रिकामी केली. त्यातून वाफ उठली. झरोका वीतभर, दाराला आतून कडी. दार तोडून बाहेर काढलं तेव्हा ओठ निळे पडले होते. चंद्रपूर झालं, नागपूर झालं, बाई वाचल्या. पण छाती कायमची कामातून गेली. अंगणातून ओसरीवर आल्या तरी खांब धरून उभं राहावं लागे, आणि बोलताना दोन शब्दांनंतर श्वासासाठी थांबावं लागे. भाऊंनी नवं दार बसवलं आणि त्याला कडी लावली नाही. हे ऐकून मी घरी आलो आणि भाऊंशी हुज्जत घालणं सोडलं.

पुढे लेकीचं लग्न झालं, ती आरमोरीला नांदायला गेली आणि तिला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज. बाईंनी जुन्या लुगड्यांची दुपटी शिवायला घेतली. चार टाके घालायच्या, थांबायच्या, पुन्हा चार टाके. आयुष्यात त्यांना आता दुसरं काही नको होतं, लेक घरी यावी एवढंच. आणि आरमोरीहून विहीणबाईंचा फोन आला. "भाऊ, लग्नात तुमचा संडास पाह्यला होता मी. पिवळाजर्द! तिथी बाळंतीण कशी राहीन जी?" भाऊ फोन ठेवून ओसरीवर बसले. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. बाई म्हणाल्या, "एक बाटली... आना. मीच... करतो." भाऊ असे ओरडले की जांभळीवरची पाखरं उडाली. बाईंवर त्यांना ओरडताना मी तेवढं एकदाच ऐकलं.

उपाय शेवटी बाईंनाच सुचला. किराणा दुकानात निंबूफूल मिळतं, सरबतात घालतात ती पांढरी आंबट पूड. "पोटात चालते... तं टाकीतई... चालन," बाई म्हणाल्या. भाऊंना पटेना. आधी चिमूटभर टाकून ते टाकीच्या झाकणाला कान लावून बसले. काय ऐकू आलं देव जाणे, पण परवानगी मिळाली. मग रोज दुपारी तोच उद्योग. दार सताड उघडं. भांड्यात साचलेलं पाणी मग्ग्यानं उपसून काढायचं, नाहीतर पूड पाण्यातच विरते. कोमट पाण्यात निंबूफूल कालवायचं, धोतराच्या चिंध्या त्यात भिजवून थरावर चिकटवायच्या आणि संध्याकाळपर्यंत हात लावायचा नाही. मग ब्रशनं घासायचं, आणि जिथं अडेल तिथं टाचा घासायचा झावा ओला करून हलक्या हातानं. दुसरं काहीही त्यात मिसळायचं नाही. ब्लीचिंगचं नाव काढलं तरी भाऊ अंगावर यायचे. बाई लांब, वाऱ्याच्या बाजूला, खाटेवर बसून विचारायच्या, "सुटला... का?" भाऊ आतून सांगायचे, "कोपऱ्यातला सुटून राह्यला!" रोज वाटीएवढी जागा पांढरी व्हायची. एवढा आनंद त्या घरात लग्नातही झाला नसेल, असं माझी बायको म्हणायची. आम्ही दोघंही शाळेतून, बाजारातून आलो की आधी ते भांडं पाहायला जायचो. शेवटी एक दिवस ते असं पांढरंशुभ्र निघालं की भाऊंनी पाय धुतल्याशिवाय कोणाला आत जाऊ दिलं नाही.

विहीणबाई आल्या. धिप्पाड, मोकळ्या स्वभावाची बाई. चहाच्या आधीच म्हणाल्या, "चला, दाखवा." त्या आत गेल्या, आम्ही सगळे अंगणात उभे. भाऊ इस्त्रीचा सदरा घालून टाकीशेजारी ताठ, लाकडांच्या डेपोवर साहेब तपासणीला आल्यागत. त्या बाहेर आल्या आणि हसल्या. "आमच्या घरचाई इतका पांढरा नाई जी भाऊ." बाईंनी पदर तोंडाला लावला. भाऊंनी माझ्याकडे पाहून डोळे मिचकावले.

चहा झाला. विहीणबाईंनी कप खाली ठेवला. "राग नोका मानू," त्या म्हणाल्या. "मी संडासाचं आपलं निमित्त काढलं होतं. तोंडावर कसं बोलू? बाईले सोताले पान्याचा गिलास घ्याले उठवत नाई. बाळंतिनीचं कोन करन? रात्री लेकरू रडलं तं कोन घेईन? पोरगी इथी आली तं तिलेच तुमचं करा लागन. मले वाटलं, असं बोलली तं तुमी सोताच समजून जासान. तुमी तं खरंच घासत बसले जी."

ती विहीण कजाग असती तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं. पण ती बोलत होती ते खरं होतं, आणि बोलता बोलता तिच्याच डोळ्यांतून पाणी गळत होतं. भाऊ उठले, पुन्हा बसले. बाईंनी खांब धरला, आत गेल्या, आणि शिवून झालेली सगळी दुपटी पिशवीत घालून घेऊन आल्या. "तुमीच... करा," त्या म्हणाल्या. "चांगलं... करान." विहीणबाईंनी पिशवी घेतली आणि बाईंना धरून खाली बसवलं.

दुपारच्या गाडीनं त्या गेल्या. भाऊ त्यांना स्टँडवर पोचवून आले, तो इस्त्रीचा सदरा घामानं पाठीला चिकटला होता. घरात न जाता ते सरळ संडासाकडे गेले, दारात उभे राहून आत पाहत राहिले. मी जवळ जाऊन उभा राहिलो.

"मास्तर," ते माझ्याकडे न पाहता म्हणाले, "पांढरं तं झालं होतं ना?"

मी उत्तर द्यायच्या आधीच ओसरीवरून बाईंचा आवाज आला.

"लय पांढरं झालं होतं जी, लय सुंदर झालं होतं," त्या म्हणाल्या, सगळं एका दमात, मध्ये कुठेही न थांबता. आणि मग त्यांना असा खोकला लागला की भाऊ तसेच पाणी आणायला धावले.