दामूमास्तरांचं मॅट्रिक

मास्तरांच्या खोलीतले किस्से कोटावरच्या खडूसारखे. झटकायला जावं तर आणखी पसरतात! हे इंग्रजी अमदानीतले, नंदुरबारच्या आमच्या शाळेतले. हसण्याजोगे आहेत की नाहीत, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

*

मी एम.ए. एका दिवाळीत जुना विद्यार्थी भेटायला आला. कसाबसा मॅट्रिक झालेला, मुंबईत कारकून. पगार माझ्याएवढा!

"सर, एवढं शिकून इथे का राहिलात?"

"हवा चांगली आहे," मी म्हणालो.

हेडमास्तर आतून ओरडले, "म्हणून तर तिच्यावरच भागवतो!"

*

खालच्या वर्गांचे दामूमास्तर मराठी फायनल पास, म्हणजे सातवीपर्यंत शिकलेले. त्या कारकुनाचा पगार ऐकून त्यांची झोप उडाली. रनाळ्याच्या सासऱ्यांनी भर घातली, "जावईबुवा, मुंबईले जा. आठे नंदुरबारमा काय भेटस?"

दामूमास्तरांनी माझा सल्ला घेतला. मी अर्थशास्त्र शिकलेला! ठासून सांगितलं, "मॅट्रिक व्हा. मुंबईत पगार दुप्पट."

*

दोनदा ते इंग्रजीत आपटले. हेडमास्तर म्हणाले, "दामू, परीक्षक बदलतात, तू तेवढा बदलत नाहीस!"

तिसऱ्यांदा पास! पेढे वाटले, नोकरी सोडली. बायको आणि तान्ह्या पोरीला रनाळ्याला ठेवलं. "दोन महिनामा बोलावसू," म्हणाले आणि मुंबईला जायला सुरतेच्या गाडीत बसले.

*

वर्षाने मी मुंबईत त्यांच्या खोलीवर गेलो. एक खोली, नऊ माणसं, झोपायच्याही पाळ्या.

"पगार दुप्पट आहे ना?" मी घाबरतच विचारलं.

"शे ना, आण्णा! पन भाडं चौपट शे. बायको-पोरले कोठे ठेवू?"

भाड्याची चौकशी करा, हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं. धीर द्यायला म्हणालो, "पुढे वाढेल." पगार की भाडं, ते मलाही ठाऊक नव्हतं.

*

अखेर ते परत आले. खालच्या वर्गांची जागा रिकामीच होती. पण हेडमास्तरांनी नियम काढला: जागा फायनलवाल्याची, मॅट्रिकवाल्याला वरचा पगार द्यावा लागतो, तो शाळेला परवडत नाही.

"मी जुनाच पगारवर करसू, साहेब!"

"तसं चालत नाही, दामू. तू आता शिकलेला."

बाहेर पायरीवर बायको पोरीला मांडीवर घेऊन बसली होती. दामूमास्तरांनी सर्टिफिकेटाची घडी घातली आणि माझ्याकडे वळले.

"आण्णा, तुम्ही तं इतलं शिकनात. परत नापास व्हवानी एखादी परीक्षा शे का?"