धुवायची राहिलेली फ्रेम

दादा गेल्याची बातमी आली तेव्हा मी छपाईची स्क्रीनच धूत होते. लग्नाच्या पत्रिका पोचवायला तो सकाळी नेकनूरला गेला होता. तिथं स्टँडवरच्या बाकावर बसल्या बसल्या गेला, असं फोनवर कुणीतरी सांगितलं. माझे हात ब्लीचिंगच्या पाण्यानं पांढरे झाले होते. फ्रेम तशीच भिंतीला टेकवून मी उठले... अर्धी अक्षरं गेलेली, अर्धी शाबूत.

शिरूर कासारच्या त्या पत्र्याच्या खोलीत आम्हा बहीणभावांची तीस वर्षं गेली. दादा ट्रेसिंग पेपरवर काळ्या शाईनं नावं काढायचा, उन्हात ती फ्रेमवर ताणलेल्या, मसाल्याचा थर दिलेल्या जाळीवर उतरवायचा आणि पत्रिका छापायचा. मग फ्रेम माझ्याकडे. आधी रॉकेलनं शाई पुसायची, मग ब्लीचिंगनं जाळीवरचा थर घासून काढायचा, की कोरी जाळी पुढच्या लग्नाला तयार. ऊसतोडीची माणसं परतली की लग्नं एकदम निघायची आणि आमच्याकडे फ्रेमी चारच. सकाळच्या नवरीच्या जागी दुपारी दुसरी नवरी यायची. आपल्या लिहिण्यावर पाणी फिरवायलाच बहीण ठेवली आहे, असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा.

चिडायचा तो एकाच गोष्टीवर. छापलेली स्क्रीन वेळेत धुतली नाही तर थर जाळीत कडक होतो आणि जाळी फाडूनच टाकावी लागते. एकदा मी तापात पडून राहिले, तर स्वतःच बादली घेऊन बसला.

"शांते, उद्याचं नाव यातच उतरायचं हाय. जुनं धरून कसं चालंल?"

मी ग्लानीत बघत होते. फेसातून अक्षरं सुटत होती... ती नावं मोरीतून निघून आपापल्या सासरी चालली आहेत, असं काहीतरी वाटत राहिलं.

दहाव्याच्या पत्रिका छापायच्या होत्या. तीन फ्रेमी नवी जाळी ताणायला बीडला गेलेल्या, उरली ती अर्धी धुतलेली. तिच्यात दादाची शेवटची अक्षरं होती आणि ती मला जाऊ द्यायची नव्हती. वहिनी शेजारी येऊन बसली.

"वन्सं, धुवा ती. त्यांचं नाव दुसऱ्याच्या दुकानात छापायचं का आता?"

मी धुतली. थर चिवट झाला होता. रडत रडत घासला, लपवून काय करू?

मग लिहायला बसले. जन्मभर पुसणारीनं पहिल्यांदा लिहायचं, तेही 'कै. भानुदास'. अक्षरं कलली. दादानं बघून नाक मुरडलं असतं. वहिनी म्हणाली, चांगलं झालंय... खोटं बोलली.

छापून झाल्यावर शाई पुसली, बादली भरली, ब्लीचिंगचा डबा उघडला. पण त्याच्या नावावर पाणी घालायला हातच उचलेना. शेवटी वहिनीनं बादली उचलली आणि मोरीत ओतली.

त्याला दीड महिना झाला. थर आता असा बसलाय की ती जाळी कुणालाच धुता यायची नाही. तीस वर्षांत माझ्या हातून एकही स्क्रीन वाया गेली नव्हती. ही मी जाणूनबुजून घालवली. बीडहून आलेल्या तीन फ्रेमींवर वहिनी छापते, मी लिहिते आणि धुते. लग्नांची गर्दी आहे, गिऱ्हाइकं खोळंबतात, चौथी फ्रेम का वापरत नाही म्हणून विचारतात.

खोळंबू देत.