गवार मोडावी तसं फ्रेंच

मुलुंडमध्ये असा एकही लांबलचक शब्द उरला नसेल, जो आमच्या समोरच्या काकूंनी मोडला नाही. एका औषध कंपनीत फ्रेंच कागदांचं भाषांतर करण्यात त्यांची हयात गेली. निवृत्तीनंतर कागद सुटले, खोड सुटली नाही. केमिस्टकडे साधी तापाची गोळी मागतील तर शपथ! "पा-रा-से-ता-मोल द्या," म्हणतात, आणि त्या 'मोल'वर अशा रेंगाळतात की मागची माणसं उसासे टाकायला लागतात. वर आणखी, "फ्रेंच माणूस सगळ्या तुकड्यांना सारखा मान देतो हो, फक्त निघताना जरा थांबतो." केमिस्ट बिचारा "हो काकू" म्हणून गोळ्या पुढे सरकवतो.

हे शिकवताना काकूंच्या हातात गवार हवीच. शब्दाचा एक तुकडा, शेंगेचा एक तुकडा. मध्यंतरी आमच्या घरात दुसरी भाजीच शिजेना, कारण आमची लेक, मृण्मयी. पोरगी लहानपणापासून बोलताना अडते. नाव एवढं हौसेनं ठेवलं, तर तेच सांगताना तिला घाम फुटायचा. आणि हिला हवी फ्रान्समधली संशोधनाची जागा! मुलाखत फ्रेंचमध्ये, आणि विषयाच्या नावातच डीएनएचं ते अगडबंब पूर्ण नाव. मी म्हटलं, वाट लागली. काकू म्हणाल्या, "घाबरतेस काय गं? गवार आहे ती. शिरा काढायच्या, मोडायची."

मुलाखतीच्या दिवशी काकू लॅपटॉपमागे जमिनीवर बसल्या, परात मांडीवर. विषयाचं नाव सांगताना मृण्मयी "दे..." म्हणाली आणि अडली. पडद्यावरची माणसं वाट बघतायत, मी दाराआड देव पाण्यात घालून उभी. तेवढ्यात खालून आवाज आला, कट. पोरगी म्हणाली, "दे." कट. "झॉक्." कट. "सी." मग री, बो, न्यु, क्ले, आणि शेवटच्या 'ईक'वर अगदी काकूंच्या ऐटीत थांबली. हुश्श! माझा जीव भांड्यात पडला. पुढचं ती अडत-सावरत का होईना, सगळं बोलली, आणि जागा मिळवली.

आता रविवारी तिचा फोन आला की काकू परात घेऊन हजर, वेळेला असावी म्हणून. परवा ती तिथल्या थंडीबद्दल, घरमालकिणीबद्दल तोंडाला खळ नसल्यासारखी बोलत होती. सहज परातीकडे पाहिलं, तर शेंगा सगळ्या अख्ख्या.

"काकू, मोडताय ना?"

"राहू दे गं," पदरानं डोळे टिपत त्या म्हणाल्या, "तिला आता लागत नाही."

त्या रात्री आम्ही दोघींनी पिठलं-भात खाल्ला.